पोटात घाल

आमच्या डिचोलीकडच्या जुन्या घरात स्वयंपाकघराला लागून एक कोठी होती. खिडकी नाही, दिवा नाही, खाली शेणाने सारवलेली जमीन. मे महिना सरता सरता तिथे पुरुमेंत भरलं जायचं. शब्द पोर्तुगीजांचा, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी ही गोष्ट त्यांच्याही आधीची असणार. उकड्या तांदळाची पोती, सोलांच्या बरण्या, चिंचेचे गोळे, मिठातली तोरं, माडाचा गूळ आणि वर दांडीला सुके बांगडे. दार ओढून घेतलं की आत दिसायचं काहीच नाही, नुसते वास. खालच्या फळीवर पत्र्याचा एक डबा असायचा. त्यात कधी तांदळाची भाकरी आणि गूळ, कधी पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, सकाळचा उंडा पाव, चवथीनंतर आठवडाभर नेवऱ्या. मी सात वर्षांची असल्यापासून रोज तिन्हीसांजा उलटल्या की त्या कोठीत शिरायची आणि अंधारात उभ्याउभ्या तो डबा रिकामा करायची. पाच मिनिटं लागायची. चावण्यात वेळ घालवायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबा खाणीच्या ऑफिसात कारकून होते. त्यांची स्कूटर वळणावरच्या फणसापाशी आली की गिअर बदलल्याचा आवाज यायचा आणि त्यावरून आईला, मला आणि धाकट्या भावाला कळायचं की आज घरी कोण येतंय. कारण बाबा दोन होते. एक नाट्यपदं गुणगुणत यायचे, कागदात बांधलेली मिरचीची भजी आणायचे आणि भावाला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरवायचे. दुसरे वाटेत तावेर्नात, दारूच्या गुत्त्यात, थांबून यायचे. दुसऱ्यांना हुमणात मीठ कमी लागायचं, भात चिकट लागायचा. कधी कधी ताटात काहीच उणं सापडायचं नाही आणि मग त्याचाच राग यायचा. पितळी ताट भिंतीवर आपटलं की पहिला आवाज बोथट असतो. मग ते जमिनीवर पडून गोल गोल फिरत राहतं आणि त्याचं फिरणं संपेपर्यंत घरात कुणी श्वास घेत नाही. त्यानंतर जे व्हायचं ते आईला व्हायचं. ते मी इथे लिहिणार नाही. आई अजून आहे आणि ती वाचते.

सात वर्षांच्या मुलीने त्यातून काढलेला मार्ग असा होता: पोट आधीच भरून ठेवायचं. म्हणजे ताटावर बसून जेवल्याचं सोंग करता येतं आणि वेळ आली की भावाला काखेत मारून मागच्या दाराने न्हाणीकडे पळता येतं. उपाशीपोटी पळवत नाही. आज इतक्या वर्षांनी तपासला तरी या हिशोबात मला एकही चूक सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओल्या फडक्याने भिंतीवरचा हळदीचा डाग पुसत असायची. पुसता पुसता म्हणायची, "पोटात घाल गं. ते मनाने वाईट नाहीत." आणि विहिरीवर जायच्या आधी, "हे पोटातच ठेव हां, बाहेर बोलू नको."

मराठीत पोटाला फार कामं. क्षमा करायची तर पोटात घालायचं, गुपित पोटात ठेवायचं, भीतीचा गोळा यायचा तोही तिथेच. वर अपमान गिळायचा, राग गिळायचा, आवंढा गिळायचा. शेजारी सगळे कोकणीत बोलत, पण आई महाराष्ट्रातल्या बांद्याची, त्यामुळे घरात मराठी चालायची, आणि मी ती भाषा अक्षरशः घेतली असं मला वाटतं. पुढे ज्यांच्याकडे उपचार घेतले त्या मॅडमना हा सिद्धांत मोठ्या उत्साहाने सांगितला, तर त्या हसल्या. "भाषेने नाही होत हो हे. शरीराने होतं." त्यांचं बरोबर असणार. तरी मला माझं म्हणणं सोडवत नाही.

लग्न होऊन मी फोंड्याला आले, शाळेत शिकवू लागले. बाबा २००९ साली गेले. ताट भिरकावणारं कुणी उरलं नाही. आणि तरीही नवरा, मुलगा, सासूबाई झोपल्या की रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी असायची. फ्रिजमधली कालची आमटी थंडच, तिच्यात बुडवून उंडे, मग बिस्किटांचा पुडा, मग मुलाच्या डब्यासाठी काढून ठेवलेला शिरा. चव अशी लागायचीच नाही. पहिल्या चार घासांत डोक्यातला गोंगाट थांबायचा, तेवढाच काय तो फायदा. नंतरचं सगळं हात करत असायचा आणि मी बघत असायची. रिकामे पुडे वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये घालायचे आणि शाळेच्या वाटेवरच्या कचराकुंडीत टाकायचे. नवऱ्याला नऊ वर्षं पत्ता लागला नाही. चोरी करायला लागलं की माणूस किती नीटनेटका होतो ते मला विचारा.

सकाळी शपथ: आज काही खायचं नाही. आणि आपल्याकडे न खाण्याला केवढी प्रतिष्ठा! सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, सगळा श्रावण. मी जेवत नाही म्हटलं की सासूबाई कौतुकाने बघायच्या. आजाराला लपायला उपवासासारखी जागा नाही, तिथे कुणी शोधायलाही येत नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे ज्याने म्हटलं त्याने घरातलं कुणीतरी फार जवळून पाहिलेलं असणार. लोक ते थट्टेने म्हणतात. मला ते निदान वाटतं.

निदानाचं खरं नाव मला खूप उशिरा कळलं. तोवर माझ्याकडे हावरी, अधाशी, बकासुर एवढेच शब्द होते, सगळे मीच मला दिलेले. जुन्या लोकांकडे 'भस्म्या' हा शब्द आहे, किती घातलं तरी भस्म होऊन जाणारी भूक. तो त्यातल्या त्यात जवळचा, पण त्यात लाज नाही, नुसती आग आहे. डॉक्टरी नाव 'बिंज ईटिंग डिसऑर्डर'. थोड्या वेळात, इतर कुणीही खाईल त्याहून कितीतरी जास्त खाणं, ते आपल्या हातात नाही असं वाटत राहणं, नंतर स्वतःची किळस येणं. आणि हे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या आजाराला स्वतःचं पान मिळालं ते २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत. खाऊन ते बाहेर काढण्याच्या आजाराचं, बुलिमियाचं वर्णन लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केलं होतं. उपासमारीच्या आजाराला, अ‍ॅनोरेक्सियाला, तर १८७० च्या दशकातच नाव मिळालं. क्रम बघा. जी झिजते ती आधी दिसली, जी रात्री फ्रिजसमोर उभी राहते ती सगळ्यात शेवटी.

त्याआधी एका डॉक्टरांनी मला छापील तक्ता दिला होता. सकाळी हे, दुपारी ते, रात्री सूप. "टीचर, तोंडावर ताबा ठेवायला हवा." मी काय खाते ते त्यांनी विचारलं. कधी खाते, कुठे खाते, बसून खाते की उभ्याने, हे विचारलं असतं तर बोलता बोलता कोठीपर्यंत पोचलो असतो. तक्ता मी चार महिने पाळला. सगळ्यांनी कौतुक केलं. पाचव्या महिन्यात सगळं वजन परत, वर व्याज.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एका दवाखान्याची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि माझ्या मांडीवर पुडा होता. १९८० च्या दशकात व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर तिथे लठ्ठपणावर उपचार करायचे. त्यांना कोडं असं पडलं की ज्यांचं वजन उत्तम उतरतंय तीच माणसं उपचार सोडून पळतायत. कारण शोधायला त्यांनी त्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि एकामागून एक लहानपणच्या अत्याचारांच्या गोष्टी निघू लागल्या. डॉक्टर ज्याला रोग म्हणत होते तो त्यातल्या अनेकांनी केलेला इलाज होता. जाड झालं की कुणी बघत नाही, कुणी अंगाला हात लावत नाही. मग फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी मिळून सतरा हजारांहून जास्त लोकांना लहानपणाविषयी प्रश्न विचारले. १९९८ साली पहिला निबंध आला. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं दारूचं व्यसन, आईवर हात उगारला जाणं, अशा अनुभवांची संख्या जितकी जास्त तितके मोठेपणी आजार जास्त, असं त्यात दिसलं. 'आईवर हात उगारला जाणं' या ओळीवर मी थांबले. माझ्या आयुष्यातली गोष्ट कुणीतरी चौकट आखून छापली होती.

माझे गुण तीन आले. बोटांवर मोजले. त्या रात्री मला वाटलं, सुटले, कारण सापडलं.

इथे जरा थांबते, कारण हे गुण मोजण्याचं वेड हल्ली मोबाइलवर फार आहे. अँडा यांनी स्वतःच २०२० साली लिहून बजावलं की हा आकडा लोकसंख्येच्या अभ्यासासाठी आहे, एकेका माणसाचं भविष्य सांगायला तो वापरू नका. मला ते माझ्या भावावरून पटतं. तेच घर, तीच ताटं. तो व्यवस्थित जेवतो, बांगड्याचा काटा काढत, बोटं चाटत, अर्धा तास. पण तो बोटीवर गेला आणि गेल्या एकोणीस वर्षांत एकदाही चवथीला घरी आला नाही. एकाच आगीत कुणाचा हात भाजतो, कुणाचा पाय.

उलटंही आहे. कॉलेजात माझी एक मैत्रीण होती, म्हापशाची. तिच्या घरासारखं प्रेमळ घर मी अजून पाहिलेलं नाही. बारावीनंतर तिने जेवण कमी केलं ते कमीच करत गेली. आम्ही सगळ्या "किती बारीक झालीस गं" म्हणून तिचा हेवा केला, तेव्हा दोष आमच्याही पदरात आहे. एक दिवस ती प्रयोगशाळेत कोसळली. नाडी इतकी मंद की डॉक्टरच घाबरले. हॉस्पिटलात तिला एकदम भरपूर खायला घातलं नाही याचं तिच्या वडिलांना नवल वाटलं होतं. उपाशी शरीरात एकाएकी अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदय दगा देऊ शकतं; दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या युद्धकैद्यांच्या बाबतीत हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. घरी आल्यावर तिची आई वर्षभर तिच्या प्रत्येक जेवणाला शेजारी बसली. रागावली नाही, विनवण्या केल्या नाहीत, पण ताट संपेपर्यंत उठली नाही. त्या काकूंनी काही वाचलेलं नव्हतं. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात नेमकी हीच गोष्ट उपचारपद्धती म्हणून उभी राहिली, आई-वडिलांनाच हाताशी धरून मुलाला जेवू घालायची, हे मला खूप नंतर समजलं. म्हणून कुणी फटकन "आई-बापांचंच काहीतरी चुकलं असणार" म्हणालं की मला त्या काकू आठवतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा चांगलाच मोठा दिसतो. दुखावलेलं बालपण धोका वाढवतं, एवढंच म्हणावं.

तर कारण सापडलं. आणि दुसऱ्या रात्री साडेअकराला मी पुन्हा फ्रिजसमोर. तिसऱ्याही रात्री. फरक एवढाच की आता खाताना मला सॅन दिएगो माहीत होतं. मुळापर्यंत गेलं की झाड आपोआप पडतं, असं आपल्याला सिनेमांनी शिकवलंय. माझं झाड मूळ उघडं पडूनही चार वर्षं हिरवंगार होतं.

मॅडमकडे गेले २०१८ साली. जाण्याआधी वर्षभर नुसता विचार केला, कारण आमच्या पिढीच्या डोक्यात 'आल्तिनो' बसलेलं. पणजीच्या त्या टेकडीवर वेड्यांचं इस्पितळ होतं. 'याला आल्तिनोवर न्यायला हवं' ही शाळेतली शिवी होती. त्या इस्पितळाला नाव होतं आबे फारियाचं, संमोहनासाठी गाजलेल्या गोव्याच्या पाद्र्याचं. आता त्याच्या जागी बांबोळीला मनोविकारांची मोठी सरकारी संस्था आहे आणि लोक तिथे ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून तोंडाला ओढणी बांधून जातात. मॅडम खाजगीत बसायच्या, पणजीत. बसस्टँडवरून मांडवीच्या कडेने चालत जायचं, जुन्या सचिवालयाला वळसा घालून.

तिथे तो पुतळा आहे. गोव्यातल्या प्रत्येक शाळेच्या सहलीतला: काळा झगा घातलेला फारिया दोन्ही हात पुढे करून उभा आणि त्याच्यापुढे एक बाई मागे कोसळतेय. रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ साली केलेला. आठ वर्षांची असताना मी तो पहिल्यांदा पाहिला तो बाबांबरोबर, चांगल्या बाबांबरोबर. त्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं होतं. मी पुतळ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की हा माणूस बाईला मारतोय. आइस्क्रीम मी दोन घासांत संपवलं. बाबा समजावून सांगत होते, तो मोठा माणूस, कांदोळीचा, त्याने बाईला झोपवलंय. माझा विश्वास बसला नाही.

तीस-पस्तीस वर्षांनी दर गुरुवारी त्याच्यापुढून जाताना मी त्याच्याविषयी वाचलं. १७५६ चा जन्म, पॅरिसमध्ये १८१९ साली मृत्यू. त्या काळी संमोहन करणारे म्हणायचे की आमच्या अंगातून एक चुंबकी प्रवाह निघतो. फारियाचं म्हणणं वेगळं होतं: असला प्रवाह-बिवाह काही नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं. त्याची ती आख्यायिका तर गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला उभा राहिला आणि त्याची बोबडी वळली. तेव्हा खालून त्याचे वडील कोकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." आणि त्याची भीती पळाली. खरं-खोटं देव जाणे. एका बापाच्या दोन शब्दांनी भीती जाते आणि दुसऱ्याच्या स्कूटरच्या गिअरने येते, हे मात्र मी त्या पुतळ्यापाशी उभी राहून पुष्कळदा मनात घोळवलं.

पहिल्याच दिवशी मी मॅडमपुढे सगळी कोठी, ताटं, फणस ओतायला बसले होते. त्यांनी वीस मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "काल दुपारी किती वाजता जेवलात?" मला रागच आला. इथे मी बालपण घेऊन आलेय आणि ही बाई मला दुपारचं जेवण विचारते! काल दुपारी मी जेवलेच नव्हते. परवाही नाही.

मग त्यांनी मला मिनेसोटाची हकिगत सांगितली. १९४४ च्या नोव्हेंबरात अँसल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुण निवडले आणि त्यांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना कसं सावरायचं हे शिकण्यासाठी. शरीराने आणि मनाने निरोगी म्हणून चाळणी लावून घेतलेली ही माणसं थोड्याच आठवड्यांत दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली. पुन्हा हवं तेवढं खायला मिळालं तेव्हा त्यांतले काही जण आजारी पडेपर्यंत खात राहिले. "तुमच्या रात्री साडेअकराची निम्मी जबाबदारी बाबांची असेल," मॅडम म्हणाल्या, "निम्मी तुमच्या गुरुवारच्या उपवासाची आहे." आजार ज्याने सुरू झाला आणि ज्याने तो चालू राहिलाय, त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बांधलेली खाण्याच्या आजारांवरची उपचारपद्धत याच पायावर उभी आहे. साधारण वीस आठवडे, वीस भेटी. वजन धोक्याइतकं कमी असेल तर दुप्पट.

इतका कंटाळवाणा उपचार मी आयुष्यात घेतला नव्हता. एक शंभर पानी वही. खाल्लं की लगेच लिहायचं: काय, किती वाजता, कुठे, आधी काय झालं. उष्मांक लिहायचे नाहीत. वजन आठवड्यातून एकदाच. आणि दिवसाला तीन जेवणं, दोन-तीन खाणी, दोहोंत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. भूक असो, नसो. साडेसात, साडेदहा, दीड, साडेचार, साडेआठ. पहिले पंधरा दिवस मी मोबाइलच्या गजरावर जेवले. साडेचारला स्टाफरूममध्ये केळं सोलताना हात थरथरायचे, जणू वर्गात चोरी करतेय. सगळ्यांदेखत खाणं मला येतच नव्हतं. मुलाच्या मुंजीत, लग्नांच्या पंगतीत, सगळीकडे मी आजवर ताटावर बसून जेवल्याचं सोंगच करत आले होते, हे वही भरू लागली तेव्हा दिसलं. कोठीची जागा अनेक वर्षं झाली बदलली होती, पण पद्धत जशीच्या तशी.

उपवास सोडायचे म्हणजे घरात धरणीकंप. सासूबाईंनी बोलणं टाकलं. शेवटी मी मार्दोळच्या आमच्या भटजींनाच विचारलं. त्यांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, "डॉक्टरने सांगितलंय ना? मग नैवेद्य दाखव आणि जेव. उपाशी माणसाचा देवाला काय उपयोग?" सासूबाई त्यानंतर माझ्याशी बोलल्या, पण भटजींबद्दल त्यांचं मत जरा उतरलं.

तिसऱ्या महिन्यात साडेअकराच्या फेऱ्या आठवड्याला एकावर आल्या. औषधाचाही हात होता. मनोविकारतज्ज्ञांनी एक गोळी सुरू केली होती, उदासीवरचीच, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला आता वाटत नाही. ज्यांना खाऊन उलट्या काढायची सवय लागलेली असते त्यांनी मात्र नुसत्या समुपदेशनावर थांबू नये. पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

बालपणाकडे आम्ही वळलो ते आठव्या महिन्यात, रात्री बऱ्याच शांत झाल्यावर. ही शिस्त मला तेव्हा जाच वाटली होती. आता वाटतं, पाय टेकायला जमीन नसताना खोल पाण्यात कुणाला ढकलू नये. आघातांच्या आठवणींवर काम करायच्या पद्धती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातानंतरच्या त्रासासाठी त्यातल्या दोन सुचवल्या होत्या, एक बोलण्याची आणि विचार तपासण्याची, दुसरी डोळ्यांच्या हालचालींची. खाण्याच्या आजाराचा मुख्य इलाज त्या नव्हेत; त्या जोडीला येतात. आम्ही बोलण्याची वापरली. डोळे मिटून ती संध्याकाळ सांगायची, वर्तमानकाळात, वासांसकट. मी दर वेळी ताट फिरत असतानाच थांबायची. मॅडम दर वेळी विचारायच्या, "ताट थांबलं. पुढे?"

पाचव्या का सहाव्या वेळी पुढचं आलं. मी भावाला घेऊन न्हाणीत दडलेय. तो तीन वर्षांचा. तो माझ्या तोंडाचा वास घेतो आणि म्हणतो, "गूळ."

मी त्या डब्यातलं त्याला कधीच दिलं नव्हतं. रोज सगळं एकटीने संपवायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी बाबांना घाबरते, मला आईची दया येते. त्या सगळ्याच्या तळाशी हा गूळ होता. त्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत जी रडले ती ताटासाठी नव्हे.

घरी येताना मी पुतळ्यापाशी उभी राहिले नाही. सरळ बस पकडली आणि साडेचारचं खाणं बसमध्ये खाल्लं. वहीत लिहिलं: चिक्की, बस, रडून झाल्यावर. पुढच्या रकान्यात: एकच.

माझं नशीब की पणजी तासाभरावर आणि मॅडमची फी परवडणारी. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगात या संस्थेने आरोग्यकेंद्रांत एक गोष्ट करून दाखवलीय. गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून नैराश्यावरचे बोलण्याचे उपचार करून घेतले, आणि त्यांचे निकाल लॅन्सेटमध्ये छापून आले. तो प्रयोग नैराश्यासाठी होता. वही, घड्याळ आणि न रागावता शेजारी बसणं एवढीच सामग्री लागणारा आमचा आजार त्या वाटेने का जाऊ नये, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मी भेटेल त्याला विचारते. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा, मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतसेवेचा, फोन आहे, २०२२ पासून. मुलांसाठी १०९८. वर्गातल्या भिंतीवर दोन्ही नंबर मी स्वतः चिकटवलेत.

ते चिकटवले त्याच वर्षीची गोष्ट. शाळेत मधल्या सुट्टीत बचतगटाच्या बायका भाजी-पाव घेऊन येतात. तिसरीतली एक मुलगी रोज भाजी खायची आणि पाव गुपचूप दप्तरात ठेवायची. मी आठवडाभर पाहिलं. माझ्या पोटात खड्डा. रात्री झोप नाही. मनात मी तिच्या बापाला दारू पाजून, आईला मारहाण करवून मोकळी झाले होते. शेवटी तिला जवळ बसवून, जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, पाव का ठेवतेस गं? ती माझ्याकडे अशी पाहू लागली की या टीचरला एवढंही कळत नाही. "संध्याकाळी चहात बुडवून खाते. आमचा पोदेर उशिरा येतो."

मॅडमना हे सांगितलं तर त्या कितीतरी वेळ हसत होत्या. मीही.

आई आता माझ्याकडेच असते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. अजून सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्याने जेवते. किती सांगितलं तरी टेबलावर बसत नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघी सोलं वाळत घालत होतो आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिला गुळाचं सांगून टाकलं. कोठी, डबा, मी एकटीने खायची, भावाला द्यायची नाही, सगळं. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं.

ती सोलं उलटी करत राहिली. "त्याला मी सातलाच पेज भरवायची," ती म्हणाली. "तो घ्यायचा भरवून. तू घ्यायची नाहीस. दातच मिटून बसायचीस. म्हणून मग तुझा डबा."

"माझा डबा?"

"मग कुणाचा? रोज कोण भरत होतं तो?"

मला काही बोलता येईना. सात वर्षांच्या मुलीला वाटत होतं की ती चोरी करतेय आणि घरात कुणाला माहीत नाही. मी विचारलं, तो खालच्याच फळीवर का ठेवायचीस.

"वरच्या फळीला तुझा हात पोचत नव्हता."

साडेआठ वाजले. मी टेबलावर दोन ताटं मांडली. आईने तिचं ताट उचललं, भात वाढून घेतला, वर सोलांची कढी ओतली आणि ओट्यापाशी जाऊन उभ्यानेच जेवू लागली.